बोर्डवाले काका

दादाला रोज अंधारात बसलेला बघून माझं डोकं फिरायचं. माझ्या साकेत नगरच्या घरून स्कूटर दामटत, कोलार रोडवर हाडं खिळखिळी करून घेत मी बाबांच्या नव्या फ्लॅटवर पोचायची. दिवेलागणीची वेळ. वर जाऊन बघावं तर बाबा आणि दादा काळोखात समोरासमोर बसलेले. कुणी बटणाकडे हात नेला की दादा असा ओरडायचा की शेजारचे दार उघडून बघायचे.

दादा माझ्यापेक्षा मोठा, वयाने चाळिशीचा, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढी. आमचं सगळं आयुष्य कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथे पुढच्या खोलीत एका लाकडी बोर्डवर जुन्या पद्धतीची दोन गोल काळी बटणं होती, त्याखाली प्लगची दोन भोकं आणि त्याच्याही खाली लाकडाला गेलेली वाकडी चीर. दोन डोळे, नाक आणि हसणारं तोंड. दादाने लहानपणीच त्यांचं नाव ठेवलं, बोर्डवाले काका. रोज संध्याकाळी तो त्यांच्यासमोर उभा राहायचा, "काका, लावू?" असं विचारायचा, जरा थांबायचा आणि मग उजवा डोळा खाली करायचा. दुसऱ्या कुणी दिवा लावायचा नाही. आई होती तेव्हा तीसुद्धा हातात निरांजन घेऊन दादाचं विचारून होईपर्यंत थांबायची.

लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं कधी काही वाटलं नाही. स्कूटर सुरू झाली नाही की मीही तिच्या हेडलाइटकडे बघूनच शिव्या देते. माणसाला बोलायला समोर एक तोंड लागतं, एवढंच.

बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. मी म्हटलं, "बाबा, तो बोर्ड आपण काढून घेऊ. नवा लावून देऊ त्या जागी."

"कारखान्याचा आहे तो. क्वार्टर जसं मिळालं तसं परत द्यायचं."

"सडका बोर्ड आहे, कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन ना स्वतःला! तू साकेत नगरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

टाउनशिपमधल्या त्या पिढीचं हे असंच. जन्म काढला त्या घरात, पण भिंतीतला एक खिळा आपला मानला नाही. चाव्या द्यायच्या दिवशी बाबांनी ओल्या फडक्याने बोर्ड पुसला. दादा दर दसऱ्याला काकांना गंध लावायचा, त्याचे जुने डागही घासून काढले. दादा दारात उभा राहून बघत होता. मला बाबांचा असा संताप आला होता!

फ्लॅटमध्ये भिंतीवर बटणांच्या गुळगुळीत पांढऱ्या पट्ट्या. मी त्यांच्यावर स्केचपेनने डोळे काढले. हसऱ्या तोंडाचं घड्याळ आणलं, कापडी अस्वल आणलं. दादाने सगळ्यांना रीतसर नमस्कार केला आणि पुन्हा अंधारात जाऊन बसला. मग त्याने रात्रीचं जेवणच सोडलं. मी हात टेकले. "तुम्ही तुमचं इमान सांभाळत बसा, मुलगा वाळत चाललाय," असं बाबांना तोंडावर म्हटलं. म्हणायला नको होतं, असं मला अजूनही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा बाबाही जिना चढत होते, हातात पिशवी. चाव्या दिल्यापासून तिकडे न फिरकलेला हा माणूस आपल्याच जुन्या दाराची बेल वाजवून आला होता. क्वार्टरमध्ये नव्याने राहायला आलेले लोक म्हणे हसले. "अरे अंकल, ले जाइए ना, हमें तो वैसे भी बदलवाना था!" बाबांनी जुना बोर्ड उतरवला, पदरच्या पैशाने नवा आणून स्वतः बसवून दिला, तेव्हा कुठे तो पिशवीत घातला.

अंधारातच त्यांनी बोर्ड दादाच्या मांडीवर ठेवला. दादाने बोटांनी चाचपला. डोळे, नाक, चीर. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दादा रडायला लागला. "काकांना इथे का आणलं? ते घरी असतात. आता तिथे लाइट कसा लागेल?"

"तिथल्या लोकांना येतो लावता," मी म्हटलं.

"काकांना न विचारता?"

तो बोर्ड उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावा असं वाटलं मला. खरंच वाटलं. बाबांनी मात्र तो परत पिशवीत घातला.

"नेऊन ठेवतो," ते म्हणाले आणि अंधारात पायानेच चपला शोधायला लागले.

दादा डोळे पुसत उठला. बाबांना चपला दिसत नव्हत्या, म्हणून तो भिंतीपाशी गेला आणि त्याने लाइट लावला.