भिंतीआडून ऐकलेला इंग्रजी खून

त्या महिन्यात आमच्या तामसी गावात अशी थंडी होती की दुपारी चारला ओट्यावर ऊन असूनही आम्ही कानाला मफलर गुंडाळून बसलो होतो. पुस्तक वाचणाऱ्यांचे किस्से होत नाहीत, ऐकणाऱ्यांचे होतात. माझ्या ओट्यावर महिनाभरात त्यांचा ढीग झाला.

वाचायची सुमनबाई, शाळेत इंग्रजी शिकवते. मला मराठीच जेमतेम. ती पान वाचणार, मग आमच्या भाषेत सांगणार. ऐकायला मी आणि किराणावाला गंगाधर. तिसरा शेजारचा देवराव, पण भिंतीपलीकडे. त्याच्या पोरीच्या लग्नात मी "वरण पातळ झालं" म्हणालो, तेव्हापासून अबोला. चाळीस वर्षांची दोस्ती वरणात बुडाली. पुस्तकासाठी मात्र रोज भिंतीला खाट लावायचा. खोकल्यावरून कळायचं.

*

पुस्तकात दोन म्हाताऱ्या मैत्रिणी. गावात खून होतो आणि ह्या खात खात खुनी शोधतात. मोठ्या आल्या शोधणाऱ्या.

गंगाधर म्हणाला, "घरात मयत, अन् ह्या केक कापून राह्यल्या? सुतक नसते का यायले?"

"त्यांच्यात नसतं, काका."

"मंग खून कराले मोकळेच हायेत."

*

तिथला पोलीस आला की आधी चहा घेतो, मग बिस्किट, मग चौकशी. दुसरं बिस्किट घेतलं की चौकशीच विसरतो. एवढा बिनकामाचा माणूस मी सरकारी ऑफिसातही पाहिला नाही.

*

पुस्तकातले सारखे खातात आणि आपण उपाशी ऐकतो, म्हणून गंगाधरनं एकदा दुकानातून बिस्किटाचा पुडा आणला. फोडून मांडीवर ठेवला. धडा संपायच्या आत पुडाही संपला. आम्ही दोघांनी फक्त कागदाचा आवाज ऐकला.

*

पुस्तकात एका बाईनं शेजारणीला केक दिला. शेजारणीनं ताट धुऊन रिकामं परत केलं. आमच्याकडे रिकामं भांडं कोणी परत देत नाही, निदान मूठभर तूरडाळ तरी घालतात.

गंगाधरनं तिथंच निकाल दिला. "हिनंच मारलं. बंद कर पुस्तक."

भिंतीपलीकडून दोनदा खोकला आला. म्हणजे देवरावचाही कौल तोच. सुमनबाईनं कपाळाला हात लावला.

*

शेवटचं पान आलं. सुमनबाई खुन्याचं नाव सांगणार, तेवढ्यात मी म्हणालो, "हळू सांग. आमच्या कानापुरतं."

तिनं सांगितलं. गंगाधर म्हणाला, "बाप्पा, हे तं भलतंच."

पलीकडे खाट करकरली. आम्ही चहा घेतला. गंगाधर दुकानाकडे गेला, सुमनबाई घरी गेली. मी बसून राहिलो. अबोल्याला आठ महिने झाले होते, अजून घटकाभर थांबायला माझं काय जात होतं?

ऊन ओट्यावरून उतरलं, तेव्हा भिंतीवरून देवरावचं डोकं दिसलं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मारलं कोनं, ते सांगाले ये. वांग्याची भाजी केली हाय. नावं ठेवाची असन तं पोटभर खाऊन ठेव."