सोयाच्या वडीचा कबाब

घाटनांदूरच्या स्टँडवर माझी कबाबपावची गाडी होती. मटण मोठ्याचं, म्हणजे बैलाचं. माझे अब्बा तेच विकायचे, मीबी तेच विकलं. त्यात लाज वाटायचं काही कारण न्हाई. पण पुढं ते बंद झालं, आन ते माझ्या बायकोनं बंद केलं. ती औंदा गेली. म्हणून लिहितो.

तवा गावात नुकतीच केबल आलती. माझ्या शेजारी एकानं लाल रंगाची चायनीजची गाडी लावली, वर मोठ्या अक्षरात लिहिलं 'फास्टफूड'. अर्धं स्टँड आधीपासूनच माझ्या गाडीकडं पाठ फिरवून जायचं. उरलेलं अर्धं आता त्याच्या मंचुरियनकडं जायला लागलं.

बायको म्हणाली, "मटण बंद करा. कुणीबी खाईल असा कबाब करू."

"मग त्याला कबाब कावून म्हणायचं? भजं म्हण."

"तुमी तवा तेवढा नवा आणा. जुना गाडीला नक्को."

तवा आणला, भांडीबी नवी घेतली. ती घरी सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवायची, घट्ट पिळायची, शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर पाट्यावर वाटायची. मसाला तोच, मटणाचा. पहिला कबाब मी खाल्ला आन लगेच दुसरा उचलला. लई जमला होता.

तिथंच घोटाळा झाला. मटण बंद झाल्याचं ऐकून त्याच आठवड्यात किराणा दुकानाचे शेठ आले. गळ्यात लिंग घालणारं घराणं, घरात अंडंसुद्धा चालत न्हाई. एक घास घेतला, चावता चावता थांबले आन चाकापाशी थुंकले.

"काय खाऊ घातलंस बे मला? हे मटण हाय."

माणसं जमली. मी शपथा घेत होतो, पण तसल्या वेळी शपथ कोण ऐकतो? शेठला मटण चारलं असं एकदा गावात पसरलं असतं, तर गाडी गेलीच असती, आमाला गावात राहणंबी मुश्किल झालं असतं.

घर स्टँडच्या मागंच. गलका ऐकून बायको डोक्यावरचा पदर सावरत आली. त्याआधी ती गाडीवर कधी उभी राहिली नव्हती.

"शेठ, वडी तुमच्याच दुकानातली हाय," ती म्हणाली. "तुमच्या हातानं एक पुडा आणा. सगळ्यांपुढं करून दाखवते."

शेठ खरंच गेले आन पुडा घेऊन आले. आमी दोघांनी घरून पाटा उचलून आणला. ती धुळीत बसून वाटायला लागली. डाळसुद्धा तिनं शेठला आधी चाखायला दिली. अंबाजोगाईची गाडी लागली तरी कुणी जागचं हललं न्हाई.

कबाब तव्यावरून उतरला. शेठनी फुंकून तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"तीच चव," ते म्हणाले.

चायनीजवाला हातात झारा घेऊन उभा होता. "कशाची, मटणाची?"

"हौ. अगदी मटणाची."

बायकोनं मान वर केली न्हाई. पाटा पुसत पुसत म्हणाली, "मटणाची चव तुमाला कशी ठाऊक, शेठ?"

आधी चायनीजवाला हसला, मग अख्खं स्टँड. शेठचे कान लाल झाले. शेवटी त्यांनाबी हसू आवरेना. "भाभी, आता पावात घालून द्या आन मिटवा."

ही गोष्ट लांबलांबच्या गावात गेली. लोक नुसतं बघायला यायचे आन खाऊन जायचे. माझी जुनी गिऱ्हाईकं शिव्या देत आली, तीबी खाऊन गेली. मटण परत तव्यावर चढलं न्हाई. चायनीजवाल्यानं पुढं त्याच्या गाडीवर सोया चिली काढली, ते त्याला आमच्याकडं बघूनच सुचलं.

गाडीचं दुकान झालं तवा पेंटरनं पाटीवर लिहायला माझं नाव विचारलं. मी बायकोचं सांगितलं. बाईमाणसाचं नाव चौकात टांगतो म्हणून भाऊबंद तोंडावर बोलले. बोलू दे. औंदा ती गेल्यावर पाटी नव्यानं रंगवून घेतली, आन अक्षरं जरा मोठी काढायला लावली.