डावरीची पकड

डावरी काही जन्मापासून डावरी नव्हती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं अकरा वर्षं इस्त्रीच्या रोलरमध्ये चादरी सरकवल्या, आणि बाराव्या वर्षी एका चादरीबरोबर तिचा उजवा हातही आत गेला. यंत्र बंद करायचा खटका पलीकडच्या भिंतीला. तिथवर धावायला दुसऱ्या बाईला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात कोपरापर्यंतचा हात दोन तापल्या रोलरांमध्ये भाजून सपाट झाला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तिनं आधी मुकादमाला कचकचीत शिवी हासडली, आणि मग विचारलं, "चादर तरी वाचली का मेल्यांची?" असली ही बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही, मग हात गेला म्हणून का बसू देणार होती?

पुढे भत्त्याचं बघावं लागलं. नियम असा की एक हात गेला तर भत्ता अर्धा, आणि दुसऱ्यातही बळ नसेल तर पुरा. तीन महिने खाटेवर काढून डावरीची नुसती काडी झाली होती. वैद्यकीय मंडळाच्या डॉक्टरांनी पकड मोजायचं यंत्र तिच्या डाव्या हातात दिलं, तिनं जीव खाऊन दाबलं, आणि काटा सहा किलोवर जाऊन बसला. डॉक्टर भला माणूस. त्यानं लिहून दिलं, 'डावा हातही दुबळा, जड वस्तू उचलू शकत नाही.' त्या दिवशी ते सोळा आणे खरं होतं.

नंतर हातात बळ परत आलं, पण कुणी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही. भत्ता पुरेना म्हणून एका लॉजच्या चादरी धुवायला घेतल्या. चादरीचं एक टोक भिंतीतल्या आकड्याला अडकवायचं आणि दुसरं टोक डाव्या हाताला गुंडाळून पिळायचं. चौदा वर्षं हेच. दोघींना मिळून पिळता येत नाही असला जाड रग ती एकटी कोरडा ठणठणीत करायची. घरात ती आणि थोरली बहीण. ताईचे दोन्ही पाय लकव्यानं गेलेले, जीभ मात्र दोघींची मिळून एकटीकडे. ताईचं औषध, खोलीचं भाडं, सगळं त्या भत्त्यावर आणि धुण्याच्या चार पैशांवर. भत्ता अर्ध्यावर आला असता तर ताईला अंथरुणासकट रस्त्यावर ठेवावं लागलं असतं, इतकी सरळ गोष्ट होती.

भत्ता चालू ठेवायला वर्षातून एकदा कचेरीत हजेरी लावावी लागायची. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे तर आलंच, पण त्या कचेरीबाहेर त्याहून मोठं विघ्न होतं. दलाल. रांग सरकारची, पण मालकी याची. त्याला पैसे देईल तो पुढे, न देईल तो मागे. दोन दांडगे पोरगे हाताशी आणि कमरेला पितळी बक्कलाचा पट्टा. त्या पट्ट्यानं त्यानं एका आंधळ्या म्हाताऱ्याची भुवई फोडलेली सगळ्या रांगेनं पाहिली होती. पाहिली आणि खाली मान घातली. कुणाला बोल लावावा? प्रत्येकाचा कागद आत अडकलेला.

त्या सकाळी डावरीच्या पुढे बहिरा हमाल उभा होता. भाजीबाजारात पोती वाहणारा, धिप्पाड, पण स्वभावानं गरीब गाय. बोलायचं ते हातांनी. दरवर्षी रांगेत भेटायचा, त्यामुळे डावरीला त्याच्या पाचपन्नास खुणा यायच्या. दलाल मागून ओरडला, "ए, मागे हो!" हमालाला ऐकू येणार कसं? दलालानं पट्टा सोडला आणि बक्कल त्याच्या कानावर हाणलं. हमाल खाली बसला. कानातून रक्त गळत होतं आणि हा बाबा दोन्ही हातांनी छातीशी कागद धरून बसलेला, भिजू नयेत म्हणून. दलालानं दुसऱ्यांदा पट्टा उगारला.

डावरीनं विचारबिचार काही केला नाही. डावी मूठ वळली आणि खालून वर, हनुवटीच्या बाजूला, एक ठेवून दिली. कडकन आवाज झाला. दलालाचे दोन दात पायरीवर पडले आणि जबडा एका बाजूला लोंबायला लागला. मग त्याच्या दोघा पोरग्यांना जो समोर दिसला त्यालाच त्यांनी तुडवला, म्हणजे हमालाला. डावरीला रांगेतल्या बायकांनी ओढून भिंतीशी दाबून धरलं. शिट्ट्या वाजल्या, पोलीस आले आणि हमालाला गाडीत कोंबून घेऊन गेले.

आता खरी गंमत ऐका. जबड्याला तार घातलेल्या दलालानं तक्रारीत कागदावर काय लिहून द्यावं? मला हमालानं मारलं! अहो, पन्नाशी उलटलेल्या थोट्या बाईनं एका ठोशात दात घशात घातले, हे त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या रांगेत त्याला कोण भिणार? रांगेतल्या लोकांनी "आम्ही काही पाहिलं नाही" म्हणून हात वर केले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

डावरी दुसऱ्या दिवशी ठाण्यावर गेली. कोठडीच्या गजांमागे हमाल गुडघ्यांवर बसवलेला, दोन्ही हात पाठीमागे बेडीत. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. तिला पाहून त्यानं खांदे हलवले, घशातून घोगरा आवाज काढला, पण हातच बांधलेले तर माणूस सांगणार काय? तो वळला तेव्हा तिला त्याची बोटं दिसली. उजव्या हाताची तीन बोटं काळीनिळी, भलतीकडेच वाकलेली.

पहाऱ्यावरचा हवालदार म्हणाला, "कितीही फोडला तरी बोलत नाही हो हा. पक्का निबर."

"अरे, तो बहिरा आहे! जन्मात बोलला नाही तो! तुम्हाला लाज नाही वाटत? त्याची जीभ म्हणजे ती बोटं, ती मोडलीत तुम्ही!"

ती तशीच फौजदाराच्या टेबलाशी गेली. "साहेब, दलालाला मी मारलं. त्याला सोडा, मला आत घ्या."

फौजदारानं तिची रिकामी बाही पाहिली, भत्त्याचा कागद मागितला आणि वाचून खो खो हसला. "'जड वस्तू उचलू शकत नाही.' आजी, तुम्हाला चहाचा कप तरी उचलतो का? जा घरी. उगाच पुण्य कमवायला येऊ नका."

गरिबांचे खटले फुकट चालवायला सरकारनं नेमलेली एक वकीलबाई होती. डावरीनं तिचं दार ठोठावलं. ती तरणीताठी पोर चिडून उठली आणि दोन दिवसांत न्यायाधीशापुढे उभी राहिली. बहिऱ्या माणसाला खुणांची भाषा जाणणारा दुभाष्या मिळणं हा त्याचा कायद्यानं हक्क आहे, म्हणाली. न्यायाधीशांनी मान्य केलं, पण दुभाष्या महिन्याभरानं येणार होता. डावरीच्या कबुलीवर ते म्हणाले, "कागद एक सांगतो आणि बाई दुसरंच. मंडळाकडून हात पुन्हा तपासून आणा."

बाहेर आल्यावर वकीलबाईनं काही लपवलं नाही. "मावशी, हात दुबळा निघाला तर तुमचा भत्ता राहील आणि हमाल आत राहील, वर्षानुवर्षं. हात बळकट निघाला तर तो सुटेल, तुमचा भत्ता अर्ध्यावर येईल आणि खटला तुमच्यावर उभा राहील. मी लढेन, पण खोटं सांगणार नाही."

ताईनं घरी ऐकलं आणि पेला भिंतीवर फेकला. "हात दाखवून अवलक्षण! तो हमाल तुझा कोण लागतो गं? सख्खा ना चुलत!"

"कुणी नाही लागत."

"मग माझं काय? मला कुणाच्या दारात टाकणारेस?"

डावरी काच वेचत बसली.

तपासणीच्या आदल्या दुपारी दलालाचे दोन पोरगे आले. डावरी दार लावायला गेली, तर एकानं तिचं मनगट पकडून बोटं चौकटीत धरली आणि दुसऱ्यानं दारावर लाथ घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा. "मालकाला मारणारी तूच म्हणे? बघू उद्या कशानं दाखवतेस," असं म्हणून त्यांनी ताईची खाटही उलटी केली. डावरीनं एकाच्या दंडाचा लचका तोडला तेव्हा कुठे ते पळाले. तिची दोन बोटं भोपळ्यासारखी सुजली, नख उपटून लोंबत होतं. रक्तानं चौकट माखली.

ताई जमिनीवर पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "आता तर झालं? बोटंच मोडली. उद्या काटा हलणार नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. देवानंच सोडवलं तुला."

खरंच होतं ते. कुणी एक शब्द बोललं नसतं. डावरी रात्रभर ते वाक्य मनात घोळवत पडून राहिली, आणि ते तिला आवडलंही. का आवडू नये? माणूसच ना ती!

सकाळी मंडळाच्या खोलीत तोच डॉक्टर होता, आता केस पिकलेला. दाराशी हवालदार उभा, निकाल न्यायालयात न्यायला. डॉक्टरनं बोटं पाहिली आणि चुकचुकला. "अशा हातानं तपासणी नको. पुढची तारीख देतो. दोन महिन्यांनी."

"दोन महिने त्यानं हात बांधून राहायचं? आणा ते यंत्र."

"तीनदा दाबायचं," डॉक्टर म्हणाला, "सगळ्यात मोठा आकडा धरायचा."

पहिल्यांदा दाबलं आणि कळ थेट मेंदूत गेली. हात आपोआप सुटला. काटा आठवर.

"पुरे," डॉक्टर हळूच म्हणाला. "मी आठ लिहितो. जुन्या कागदाशी जुळतंय. तुमच्या बहिणीची तब्येत आहे ना तशीच?"

दयाळूपणानंच बोलला तो. डावरीच्या डोळ्यांपुढे ताई आली, उलटलेली खाट आली. दुसऱ्यांदा तिनं दाबलं ते अर्ध्या मनानं, खरं सांगायचं तर चोरून. काटा सतरावर. डॉक्टरनं पेन उघडलं.

"थांबा. अजून एकदा राहिलंय."

तिनं पाय जमिनीत रोवले, दात आवळले आणि रग पिळावा तशी मूठ आवळली. सुजलेल्या बोटात आत काहीतरी कटकन तुटलं, हवालदारालाही ऐकू आलं. नखाखालून रक्ताची धार मनगटावर आली. ती गुरासारखी ओरडली, पण मूठ सोडली नाही. वीस, पंचवीस, एकोणतीस. काटा चौतीसवर थरथरत उभा राहिला.

"सोडा, मावशी! बोट जाईल! कित्येक बाप्यांचासुद्धा इतका येत नाही!"

"आधी लिहा! माझ्यासमोर लिहा!"

डॉक्टरनं चौतीस लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला. मग तिनं यंत्र सोडलं आणि भोकाड पसरून रडायला लागली. हात गेला तेव्हा रडली नव्हती ती.

"फार दुखतंय का?" डॉक्टरनं विचारलं.

"दुखतंय तर! दुखणार नाही तर काय होईल?" तिनं हवालदाराकडे पाहिलं. "तू काय माझं तोंड बघतोस मेल्या? कागद घे आणि पळ. त्याच्या हातातल्या बेड्या आधी काढा म्हणावं. मी कुठं जात नाही, इथंच बसलेय."