सहाव्या बोटाची मालकी

चूक तशी लहानच झाली. लेखकांच्या ग्रुपवर टाकायचं पत्र मी सासरवाडीच्या ग्रुपवर टाकलं. पत्र सरकारला होतं — कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या आमची पुस्तकं न विचारता यंत्राला चारतात, तेव्हा कॉपीराइटचा कायदा बदला. धाकट्या साळ्यानं न वाचताच 'बधाई हो जीजाजी' लिहिलं. त्याला वाटलं, पुरस्कार मिळाला. मग दोघींनी हात जोडले आणि एकीनं केकचं चित्र पाठवलं.

इथपर्यंतचं मी चार ठिकाणी हसत सांगितलं आहे. त्याच्या खालचं मात्र आजवर कोणापुढे काढलेलं नाही. तुम्ही माझं सदर वाचता, माझ्या फजितीला हसता, म्हणजे अर्धे घरचेच. तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

गोंदियात एका शाळेच्या वर्गात आमची सभा भरली होती. बाकांत गुडघे अडकवून बसलेले अकरा लेखक. ठरलं असं, की प्रत्येकानं घरी जाऊन यंत्राला गोष्ट मागायची, आणि त्यात आपलं काही सापडलं तर पुरावा म्हणून पत्राला जोडायचं. पुढच्या सभेत सगळे पडलेल्या चेहऱ्यानं आले. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक कविता करतात. त्यांनी यंत्राला चौदा वेळा विचारलं. यंत्रानं त्यांची एक ओळसुद्धा चोरली नव्हती! इतका अपमानित माणूस मी पाहिलेला नाही. आमची खरी तक्रार चोरीची होती, की आपल्या घरात चोरानं पाऊलही टाकलं नाही याची? त्या वर्गात हे विचारायची हिंमत कोणात होती? माझ्यात तर नव्हतीच — कारण माझ्याकडे चोरी झाली होती. मी ताठ बसलो होतो.

मी यंत्राला लिहिलं होतं, झाडीपट्टीतली एखाद्या सुनेची गोष्ट सांग. त्यानं सांगितली. धाकट्या सुनेला डाव्या हाताला सहा बोटं. जावा हसतात. पण भाताला तांदूळ काढताना तीच रोज एक मूठ मागे टाकते, तिच्या मुठीत बोटाएवढे तांदूळ जास्त मावतात, आणि दुष्काळात फक्त त्याच घरात अन्न पुरतं. ही माझी गोष्ट. माझ्या पुस्तकातली पहिली, बक्षीस मिळालेली. मग मी पत्रात काय लिहावं? 'हे सहावं बोट माझ्या एकांतात उगवलं आहे.' वाचा पुन्हा एकदा. एकांतात म्हणे. सही केली, खाली तारीख टाकली.

तर ते पत्र सासरवाडीला गेलं. तिथे माझ्या बायकोची, वंदनाची, आत्या राहते — कौतिकाआत्या, गोरेगावजवळच्या खेड्यात. तिला वाचता येत नाही. तिच्या सुनेनं वाचून दाखवलं, आणि थोड्या वेळानं ग्रुपवर आत्याचा आवाज आला.

"जवाईबापू, कोणं चोरली जी तुमची गोष्ट? ते बोटवाली ना? कंपनीवाला मुजोर दिसते. तुमी नोका घाबरू. कोर्टात पुसलं का गोष्ट तुमचीच काऊन, तर मले घेऊन जा. मी हात दाखवीन."

आत्याच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत.

आता कळलं ना? की अजून थोडं थांबू — मला थांबायला आवडेल.

लग्न नवीन होतं तेव्हा मी टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडे जायचो. ती पाट्यावर लाखोळीची डाळ वाटायची, वडे तळायची आणि गोष्टी सांगायची. मी खात जायचो आणि टेप चालू ठेवायचो. तिनं एकदा विचारलं होतं, "हे डबडं माह्यं बोलणं खाऊन राहिलं का जी?" मी म्हणालो, जपून ठेवतोय आत्या. तीन कॅसेटी भरल्या. सतरा गोष्टी. काही तिच्या आजीकडून आलेल्या, पण बोटवाली तिची स्वतःची. सासरी आली तेव्हा जावा हसल्या होत्या, म्हणून तिनं ती स्वतःसाठी रचली होती. हे तिनंच सांगितलं. तेही टेपवर होतं.

मी काय केलं? मी भाषा 'शुद्ध' केली. तिचं 'काऊन' काढलं, 'का' घातलं. तिचं 'सांगून राहिली' काढलं, 'सांगत होती' घातलं. एवढी मेहनत केली, म्हणजे गोष्ट माझीच झाली नाही का? कंपन्याही हेच म्हणतात — आम्ही चोरत नाही, आम्ही शिकतो, आम्ही नवं घडवतो. ते ऐकून सभेत मी टेबलावर मूठ आपटली होती. पाच बोटांची.

पुस्तक निघालं. आत 'सर्व हक्क लेखकाधीन'. अर्पणपत्रिका पुण्याच्या एका समीक्षकाला, ज्यानं ते उघडूनही पाहिलं नाही. आत्याचं नाव कुठेच नाही. एक प्रत तिला दिली. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

इथवर चोरी झाली. चोरी निदान समजते. पुढचं मला स्वतःला अजून नीट उच्चारता येत नाही.

पुस्तक छापायला जाण्याआधी मला त्या कॅसेटींची भीती वाटायला लागली. कोणी ऐकल्या तर? बिरसीच्या विमानतळाकडे आमच्या दोन बांध्या आहेत, धानाचे बांधबंद तुकडे. धान भरात आलं की पोपट उतरतात. लोक खुंट्या रोवून जुन्या कॅसेटच्या फिती ताणतात, त्या उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. मीही ताणल्या. त्या तीन. कोणाला काय संशय येणार? भावानं उलट शाबासकी दिली — लेखकाला शेतीतलं काही तरी कळतं म्हणून. वरून शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालायची आणि खाली वाऱ्यानं फीत घूं घूं करायची. आत्या पोपट हाकत होती. पुढल्या वर्षी एका लग्नात ती म्हणाली, "एकदा माहा आवाज ऐकवा ना जी मले." मी म्हणालो, टेप खराब झाल्या, आत्या. ती म्हणाली, जाऊ द्या, मशीनच ते.

आता तिला बोटवाली सोडून एकही गोष्ट आठवत नाही. सोळा गेल्या. कोणी विचारलं तर सांगते, जवाईच्या पुस्तकात आहेत. माझ्या पुस्तकात तिचं एक वाक्यही नाही, आहे ते माझं धुतलेलं मराठी.

ग्रुपवरच्या आत्याच्या त्या आवाजानंतर दोन दिवसांनी आमच्या लेखकांच्या समितीतल्या एकानं फोन केला. "ही लोककथा तर नाही ना? कोणाकडून ऐकलेली? तसं असेल तर आपला मुद्दा पडतो." बघा, किती सरळ प्रश्न होता. सांगायला एक नाव पुरलं असतं. आत्या तर साक्षीला यायला तयार बसली होती. मी म्हणालो, "नाही हो. स्वतंत्र निर्मिती."

पत्र गेलं. सही माझीच आहे.

यंत्रानं काही मागितलं नाही, कोणाला फसवलं नाही, कोणाच्या हातचे वडे खाल्ले नाहीत. मी त्याला चोर म्हटलं, ते कागदावर आहे. मला काय म्हणायचं, तो शब्द माझ्या शुद्ध मराठीत सापडला नाही. तिच्या बोलीत असेल. ती मी काढून टाकली होती.

माझं प्रत्येक लिखाण आधी वंदना वाचते. हेही तिच्या हातात दिलं. भाजी निवडता निवडता तिनं शेवटपर्यंत वाचलं. मग कागद सरळ घडी करून माझ्यापुढे ठेवले.

"लिहिलं चांगलं जी तुम्ही," ती म्हणाली. "आता हे घेऊन गोरेगावच्या गाडीत बसा आणि आत्यापुढं वाचा. तिले वाचता येत नाही — त्याच्यावरच तर भागलं तुमचं एवढी वर्षं."