तीन अल्बम आणि एक खिरापतीचा डबा

आमच्या बँडचे तीन अल्बम आहेत. त्यांच्यावर जगात जेवढी चर्चा झाली असेल, त्याहून जास्त आमच्या अमरावतीच्या गल्लीत झाली आहे, आणि तीही बहुतेक 'आवाज कमी करा' या एकाच मुद्द्यावर. तरीही मी या तिन्ही अल्बमांची आयुष्यभराची ऋणी आहे. का, ते सांगते.

आमच्या बँडमध्ये गिटार वाजवतात ते सर कॉलेजात मला शिकवायला होते. औषधाच्या बाटलीची मान कापून ती बोटात घालायचे आणि तारांवरून अशी घसरवायचे की गिटार कण्हायला लागायची. मी बेस गिटार वाजवायला शिकले ती त्यांच्याकडेच. सरांना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं रांगडं गाणं, करायचं होतं, तेही वऱ्हाडी बोलीत, आणि गायला बाई हवी होती. पण जी यायची ती गोड गायची. सर कपाळाला हात लावायचे.

मग मी त्यांना अकोल्याला ताईकडे घेऊन गेले. ताई म्हणजे माझ्या माहेरच्या गल्लीतली, माझ्याहून बरीच मोठी. लग्न गावातच झालं, सासरचं भाजीचं दुकान. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला मागच्या रांगेत उभी करत, कारण काय तर आवाज पुरुषी. तोच आवाज पुढे बाजारात कामाला आला. ती कोथिंबिरीची हाक द्यायची तेव्हा पलीकडच्या ओळीतली गिऱ्हाइकं वळून बघायची. सरांनी ती हाक ऐकली आणि दोन जुड्या कोथिंबीर घेऊन मुकाट्यानं उभेच राहिले.

त्यांनी तिला ब्लूज समजावून सांगितलं. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात शिकासारखं काय हाये? भुलाबाईत आमी हेच त करत होतो."

खरंच होतं ते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी भुलाबाई मांडून घरोघर गाणी म्हणायचो आणि ताई आमची म्होरकी. ती ओळ टाकायची, आम्ही ओढायचो. शेवटी खिरापत. ती झाकणबंद डब्यात यायची, कानाशी हलवायची आणि नुसत्या आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. आमच्या गल्लीचा एक कायदा होता: ओळखणारी चुकली तर तिनं गाणं म्हणायचं, आणि बरोबर ओळखलं तर जिची खिरापत तिनं. या कायद्यापुढे कोणाच्या आईचंही काही चालत नसे.

पहिला अल्बम सगळा ताईचा. बडनेरा रोडवर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या. ताई सकाळच्या गाडीनं यायची, हाताला मेथीचा वास, आणि येताना डबा आणायची. तो ओळखल्याशिवाय माइक चालू होत नसे. गाणी आमचीच होती, स्कूटी शिकणाऱ्या सासूची, चांदूर रेल्वेच्या फलाटावर भांडून बसलेल्या जोडप्याची. दुसऱ्या अल्बमात मीही गायले, अर्धी तिची, अर्धी माझी. पुण्यात एकदा कार्यक्रम झाला, तिथं एका गृहस्थांनी आमच्या भाषेतल्या रांगडेपणाचं कौतुक केलं. ताई मला म्हणाली, हा आपल्याले शिव्या देऊन राह्यला का? शेंदूरजनाघाटला मात्र संत्र्याच्या गोदामात माल निवडणाऱ्या बायका तो अल्बम दिवसभर लावायच्या, आणि संपला की पुन्हा लावायला सांगायच्या. हे तिथल्या व्यापाऱ्यानं आम्हाला वैतागून कळवलं होतं. मला आजवर मिळालेली ती सगळ्यात चांगली दाद आहे.

तिसऱ्या अल्बमची गाणी सरांनी ताईच्याच गळ्यासाठी बांधली आणि त्याच वेळी तिचा गळा बसला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत, काढाव्या लागतील. त्यानंतर काही दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलणं परत येईल. गाण्याचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि ताईनं विचारलंही नाही.

सरांचं म्हणणं, तिची गाणी मी गावीत. मी साफ नाही म्हटलं. माणूस हयात आहे, बरं व्हायचं आहे आणि आपण तिच्या जागेवर जाऊन बसायचं? मला ते पटतच नव्हतं. सर चिडले, मी त्यांच्याहून जास्त चिडले, आणि काम ठप्प झालं.

अशात भुलाबाईचे दिवस आले. एका दुपारी सर आणि मी खोलीत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि ताई आत आली, गळ्याला रुमाल, ओठ घट्ट मिटलेले. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, मला माइकसमोर उभं केलं आणि माझ्या कानाशी डबा हलवला.

मऊ, भरड आवाज होता. मी म्हटलं, मुरमुरे. तिनं नाही अशी मान हलवली आणि टेबलावरच्या कागदावर आपल्या पहिल्या गाण्यावर बोट ठेवलं. कायदा म्हणजे कायदा. मी गायले. पुन्हा डबा. खोबऱ्याचा कीस? नाही. दुसरं गाणं. लाह्या? नाही. तिसरं. सरांनी कधी रेकॉर्डिंग सुरू केलं मला कळलंच नाही. मी गात होते आणि ती डब्यावर ठेका देत होती, कुठं दम धरायचा, कुठं ओळ सोडून द्यायची, सगळं त्या डब्यातून सांगत होती. एवढं मी तिच्याकडून तिचा आवाज होता तेव्हाही शिकले नव्हते. तिची सगळी गाणी संपली तेव्हा मी हात जोडले. हरले म्हटलं.

तिनं झाकण काढलं. आत सरकी होती. ढोरांना घालतात ती, कपाशीची.

मी तिच्यावर ओरडले. सरकी काय माणसं खातात? ताई भिंतीच्या गादीला टेकून हसत होती, आवाज न करता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मग मीही रडले.

बोलायची परवानगी मिळाल्यावर तिनं खुलासा केला. आवाज आता खरखरीत आणि खोल झाला होता. "बेइमानी केली मी. खरी खिरापत आणली असती त तू ओळखली असती. अन् मंग मले गा लागलं असतं."

त्या अल्बमवर आवाज माझा आहे आणि ठेका सरकीचा. वाजवणाऱ्यांच्या नावांत 'डबा' असं लिहून पुढे ताईचं नाव आहे. लोक मला म्हणतात, हा तुझा सगळ्यात चांगला अल्बम. मी म्हणते हो, पण तो माझा नाही. एवढं देणं कोणी कोणाला देतं का? स्वतःची गाणी, तीही दुसरीला आपण चोर आहोत असं वाटू न देता.

ताई मात्र गायची थांबली. दुकानात बोलायची, भाव करायची, फोनवर माझी खरडपट्टी काढायची. पण गुणगुणतसुद्धा नव्हती. हाक द्यायचं काम नवऱ्याकडे गेलं. आम्हीही विषय काढत नसू. तपासणीत गळा बरा आहे असं डॉक्टर म्हणाले, तरी नाही. मला वाटायचं, ती घाबरते आहे. फाटलेला आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायला घाबरते आहे. पण हे तिला कोण सांगणार?

यंदा भुलाबाई बसल्या आणि दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. मी हॅलो म्हटलं तर पलीकडून नुसता खडखड आवाज. डबा.

"ओळख," ती म्हणाली.

पुन्हा हलवला. कोरडा, टणक, खणखणीत आवाज. फुटाणे होते. आमच्या गल्लीतली सगळ्यात लहान पोरगीसुद्धा झोपेत ओळखायची, म्हणून आम्ही मोठ्या पोरी फुटाणे कधी आणतच नसू. ताईला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

"फुटाणे," मी म्हटलं.

पलीकडे बाजाराचा गलका चालू होता.

"बराबर," ती म्हणाली. "मंग आता मले गा लागते."

आणि तिथंच दुकानात बसून तिनं तिसऱ्या अल्बममधलं पहिलं गाणं उचललं, जे तिच्यासाठी बांधलं होतं आणि तिनं कधीच म्हटलं नव्हतं. पहिली ओळ मध्येच फाटली. ती थांबली. पण ब्लूजमध्ये ती ओळ दुसऱ्यांदा म्हणायचीच असते. तिनं म्हटली.