गर्भातल्या हृदयांचं ऑफिस

चार माणसं दिवसभर एका खोलीत बसली की काम संपतं, किस्से संपत नाहीत. रत्नागिरीत रिक्षा स्टँडच्या वर आमचं ऑफिस. गर्भातल्या हृदयाचा कोणता तुकडा कशाचा भाग, कधी दिसतो, कधी नाहीसा होतो, हे चित्रं बघून कॉम्प्युटरमध्ये भरायचं. शरीररचना शिकवून रिटायर झालेले देसाई सर, इम्रान, सुजाता आणि मी.

*

शेजारचे काका ईसीजी घेऊन आले. "तू हृदयवाला ना? बघ जरा."

"काका, आमची हृदयं जन्माआधीची."

काकांनी कागदाची घडी घातली. "मग माज्या काय उपेगाचा तू!"

*

इम्रान मिरकरवाड्याचा, घरचा धंदा मासळीचा. एकदा एक तुकडा उजव्या कप्प्यात घालायचा की रक्त बाहेर जाणाऱ्या वाटेत, यावर सर आणि मी तावातावानं भांडत होतो.

इम्रान म्हणाला, "सर, टोपलीत मिक्स म्हावरं आलं की जे जास्त, त्याच्या नावानं लिलाव."

"आणि खाली दुसरंच निघालं तर?" सरांनी विचारलं.

"गिऱ्हाईकाला खाली बघूच देत नाय!"

सरांनी तुकडा दोन्हीकडे टाकला.

*

जन्मानंतर बंद होणाऱ्या एका नळीपुढे ती कधी नाहीशी होते, हे भरायला इम्रान विसरला.

सर कडाडले, "म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबानं माझ्या छातीत अजून गर्भातली नळी आहे!"

"वय कमीच केलं ना सर तुमचं!"

त्या दिवशी सर चहाला थांबले नाहीत.

*

सुजाता अलोऱ्याची, नवरा मुंबईत नोकरीला. तिला दिवस गेले. मागच्या खेपेला पोटातच ठोके थांबले होते, म्हणून ऑफिसात कोणी विषय काढत नसे. सरांनी गुपचूप तिचं काम माझ्याकडे वळवलं आणि तिला तुलनेसाठी ठेवलेली मोठ्या माणसांची हृदयं दिली. दुपारपर्यंत तिनं सहन केलं.

"सर, माझी बदली का?"

"तसं नव्हे गं..."

"मग माझं काम मला द्या. घाबरायचं ते मी घरी घाबरते."

मला तिचं कौतुक वाटलं आणि भीतीही. सरांनी काम परत केलं.

*

सोनोग्राफीच्या दिवशी ती उशिरा आली. विचारायची कोणाची हिंमत होईना. इम्रान उगाच माउस हलवत होता. तिनं खुर्ची ओढली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. धडधड, धडधड, भलतीच जलद!

सरांनी उठून पंखा बंद केला. भर मे महिन्यात! आम्ही घामाघूम होऊन ऐकत राहिलो. सरांची अख्खी हयात या हृदयांच्या चित्रांवर गेलेली.

आवाज थांबला. इम्रान पंखा लावायला उठला.

"बस खाली," सर म्हणाले. "सुजाता, परत लाव."