जत्रांचा तक्ता

कंपनीच्या वकिलांनी तो कागद न्यायाधीशांपुढे ठेवला, तेव्हा मला लांबूनच माझं अक्षर ओळखू आलं. पट्टीने आखलेल्या अठरा ओळी. अठरा माणसं, त्यांची गावं, गावच्या जत्रेचा दिवस, आणि त्या दिवशी त्यांचं मशीन कोण सांभाळणार त्याचं नाव. खाली तांबड्या शाईत ‘मंजूर’, आणि माझी सही.

तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी तेवीस वर्षं काम केलं. त्यातली शेवटची सहा वर्षं ओळखपत्रावर ‘सुपरवायझर’ असं लिहिलेलं होतं. एका दुपारी, चौकशी नाही की काही नाही, हातात पत्र दिलं: आपल्या सेवेची आता गरज नाही. मी पुण्याच्या कामगार न्यायालयात गेलो. तिथे कंपनीने सांगितलं, हा माणूस कामगार नाहीच, हा देखरेख करणारा होता, त्याचा दावा इथे चालत नाही. म्हणजे मला बरोबर काढलं की चूक, हा प्रश्न पुढचा. आधी मी कोण होतो ते ठरणार होतं. कामगार ठरलो नाही, तर दावा तिथेच संपणार होता.

आमच्या वकीलबाई मोजकं बोलायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी समजावलं, “पदाचं नाव कोर्ट बघत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ तुम्ही काय करत होतात ते बघतं. हाताने काम करत होतात, की दुसऱ्यांकडून करून घेत होतात? कुणाला रजा देता येत होती? कुणावर कारवाई करता येत होती? देखरेख हेच मुख्य काम ठरलं, तर तुमचा पगार कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. मग तुम्ही बाहेर.”

मी घरी येऊन हिशोब मांडला. पाळी चारशे ऐंशी मिनिटांची. जेवण आणि दोन चहा, पंचेचाळीस. इतरांच्या मशीनवरचे आकडे टिपायला चाळीस. उरलेली तीनशे पंच्याण्णव मिनिटं मी स्वतः मशीनवर उभा असायचो. कागद बायकोला दाखवला. तिने तो वाचून परत दिला.

“मुलीच्या लग्नपत्रिकेत नावाखाली सुपरवायझर छापायला लावलंत, तेही ठळक,” ती म्हणाली. “ती पत्रिका त्यांना मिळाली नाही म्हणजे मिळवली.”

पत्रिका त्यांना मिळाली नाही. तक्ता मिळाला.

आमच्या लाइनवर वराळ्यापासून कुसगावपर्यंतची माणसं होती. मावळात गावागणिक जत्रेचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, घरचा माणूस कामावर गेला तर भावकी वर्षभर बोलून दाखवते. म्हणून आमची रीत होती: तुझ्या जत्रेला तुझं मशीन मी चालवीन, माझ्या जत्रेला माझं तू. तोंडी ठरायचं आणि ऐन वेळी भांडणं व्हायची. म्हणून एका वर्षी मी तक्ता केला. रजेची चिठ्ठी ऑफिसात द्यायची आणि शिक्का घ्यायचा, हा नियम मला माहीत होता. तरी कुणीतरी म्हणालं, “साहेब, सही करा की खाली,” आणि मी सही केली. सहीच्या वर ‘मंजूर’ लिहिलं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मला ते बरं दिसलं, एवढंच. तक्ता भिंतीवर लावला.

उलटतपासणीत मी मिनिटांचा हिशोब सांगितला. कंपनीचे वकील शांतपणे म्हणाले, “मिनिटं मोजता, आकडे टिपता, रजा मंजूर करता. आणखी साहेब कसा असतो?” वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

आमच्याकडे एकच साक्षीदार होता. माझ्या शेजारच्या मशीनवरचा, वराळ्याचा. तो अजून त्याच कारखान्यात नोकरीला होता, त्यामुळे येईल की नाही याची आदल्या दिवसापर्यंत खात्री नव्हती. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि माझ्याशी न बोलता पिंजऱ्यात उभा राहिला.

कंपनीच्या वकिलांनी त्याच्यापुढे तक्ता धरला. “हा कुणी लावला?”

“भाऊंनी,” तो माझ्याकडे बघून म्हणाला.

“तुमच्या नावापुढे जत्रेचा दिवस आहे. गेला होतात जत्रेला?”

“गेलतो.”

“खाली मंजूर लिहिलंय. म्हणजे रजा यांनीच दिली.”

वकीलबाईंच्या हातातलं पेन थांबलं. मी बाकाची कड धरली होती. त्याने तक्त्यातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

“रजा कुटली साहेब,” तो म्हणाला. “खाडा पडला.”

“तुम्हाला विचारलं तेवढंच सांगा.”

“तेच सांगतोय. भाऊंची सही हाय म्हणून मी हापिसात चिठ्ठीच दिली न्हाई. महिना सरल्यावर बघतो तर खाडा. इचाराया गेलो, तर हापिसातले सायेब म्हणले, सुपरवायझर कोण लागला रजा देणारा? त्या एका खाड्यापायी वरसाचा कुकर गेला माजा.”

न्यायाधीशांनी कुकरचं विचारलं. वर्षभरात एकही खाडा नसलेल्याला कंपनी बक्षीस द्यायची, त्या वर्षी कुकर होता, हे त्याने सांगितलं. टंकलेखक हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी त्या वर्षाचा हजेरीपट हजर करायला सांगितला.

बाहेर मी त्याला गाठलं. “मला कधी बोलला नाहीस.”

“काय बोलायचं भाऊ? तुमी एवढं पट्टीनं आखलेलं.”

पुढच्या तारखेला हजेरीपट आला. त्यात जत्रेच्या दिवशी त्याच्या नावापुढे खाडा होता. ज्यांनी ऑफिसात चिठ्ठी दिली होती, त्यांच्या नावापुढे रजा होती. माझ्या सहीने कुणालाही एक दिवस मिळाला नव्हता, आणि हे कंपनीच्याच कागदात लिहिलेलं होतं. माझा दावा त्याच्या नुकसानीवर उभा राहिला, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

निकाल एवढाच लागला, की मी कामगार आहे आणि दावा पुढे चालेल. नोकरीचं अजून ठरायचं आहे. संध्याकाळी मी त्याला फोन केला.

“ठरला का भाऊ तुमी?”

“ठरलो. कामगार.”

“लय ब्येस झालं. आता जत्रंला या घरी. मी चिठ्ठी दिलीय, शिक्का बी घेतलाय,” तो म्हणाला. “तुमची सही न्हाई घेतली.”